मदत हवी आहे: पणजोबा पोलिसात होते, सर्व्हिस रेकॉर्ड कुठे मिळेल? (नाशिक)

येवलेकर_पणतू, सोमवार रात्री 9:40

नमस्कार. पणजोबा नाशिकला फौजदार होते. भरती कधी झाले, कुठल्या ठाण्यांवर होते, बढती कधी मिळाली, एवढंच हवंय. पुढच्या महिनाअखेरीला घराण्याची वंशावळ छापायला जातेय आणि त्यांचं पान अजून कोरं आहे. माहिती अधिकारात अर्ज केला तर एका ओळीचं उत्तर आलं, "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत." आता पुढे काय? "पोलिसांकडे चौकशी करा" असं कृपया सांगू नका, ते करून झालंय.

जुने_दप्तर, सोमवार रात्री 10:15

यावर कोणालाच काही सांगता येणार नाही. पाच गोष्टी लिहा:
पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव. साधारण साल. अर्ज नेमका कुठल्या कार्यालयात केलात. अर्जात काय मागितलंत. घरात त्यांची कुठली वस्तू, फोटो, कागद शिल्लक आहे का.

आणि "फौजदार" हे कोणी सांगितलं? कागदावर आहे की घरातलं ऐकीव? सगळा शोध यावर फिरतो. शिपाई, नाईक, हवालदार यांची भरती जिल्ह्याचा पोलीस सुपरिंटेंडेंट करायचा आणि माणूस सहसा त्याच जिल्ह्यात निवृत्त व्हायचा, म्हणून कागद त्या जिल्ह्याच्या आस्थापना शाखेत. फौजदार म्हणजे सब-इन्स्पेक्टर असेल तर बदल्या जिल्ह्याबाहेर, आणि कागद तीन-चार ठिकाणी विखुरलेले.

गोदाकाठ, सोमवार रात्री 10:32

फौजदार होते ना, मग त्र्यंबक रोडला पोलीस अकादमीत जा. ट्रेनिंग स्कूल 1906 ला पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालं आणि 1909 ला नाशिकला आलं. मुंबई इलाख्याचे फौजदार तिथेच तयार व्हायचे. तुकडीच्या नोंदी मागा, काम होईल.

जुने_दप्तर, सोमवार रात्री 10:41

गोदाकाठ, ते थेट भरतीच्या फौजदाराला लागू. 1902-03 च्या पोलीस आयोगानंतर चीफ कॉन्स्टेबलचं पद जाऊन सब-इन्स्पेक्टर आले, थेट भरती तेव्हापासूनची. हवालदारकीतून वर चढलेल्याचं किंवा हवालदार म्हणूनच निवृत्त झालेल्याचं नाव तिथल्या तुकडीत कसं सापडेल? आधी हुद्दा कळू द्या.

मोडी_शिका, सोमवार रात्री 11:05

पुणे पुराभिलेखागारात जावं लागेल. जुने कागद मोडीत असतात, तुम्हाला वाचता येणार नाहीत, आधी जाणकार गाठा. तिथे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, फेरिस्त म्हणजे यादी बघून रुमाल क्रमांक मागवायचा.

येवलेकर_पणतू, मंगळवार सकाळी 7:20

नाव दगडू, वडील सखाराम. आडनाव इथे देत नाही. स्वातंत्र्याच्या आसपास निवृत्त झाले. अर्ज पोलीस आयुक्तालयात केला होता, नाशिक म्हटल्यावर तेच ना? त्यात नऊ मुद्दे होते. उत्तर मिळून वीस दिवस झाले. पितळी बक्कल आहे, त्यावर 412 नंबर. एक फोटो आहे. नंबरवरून निघणार नाही का?

जुने_दप्तर, मंगळवार सकाळी 8:02

चूक तिथेच झाली. शहर आयुक्तालय अलीकडचं आहे. ब्रिटिश काळातल्या डीएसपी (जिल्हा पोलीस सुपरिंटेंडेंट) ऑफिसचं दप्तर आज ज्या कार्यालयाकडे यायला हवं ते आडगावचं, म्हणजे नाशिक ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय.

बक्कल नंबरवर एकट्यावर विसंबू नका. तो जिल्ह्यापुरता असतो. माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेला की नवा नंबर, आणि निवृत्त झाला की तोच नंबर पुढच्या शिपायाला. 412 नंबर आजवर किती जणांनी लावला असेल! साल आणि जिल्हा हाताशी असेल तेव्हाच तो उपयोगी, तेव्हा मात्र फार उपयोगी, कारण एकाच नावाचे दोन शिपाई त्यानेच वेगळे करता येतात.

आडनावाशिवाय दिलंत ते बरंच केलंत. त्या काळच्या याद्यांत बऱ्याचदा "दगडू सखाराम" एवढंच असतं. आडनावावर शोधणाऱ्याला डोळ्यासमोरची नोंद दिसत नाही. इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी बघा.

मनमाड_जंक्शन, मंगळवार सकाळी 9:10

येवला-मनमाड पट्ट्यातले असतील तर रेल्वे पोलिसात नव्हते ना? जीआयपी रेल्वेचं पोलीस दल वेगळं, त्याचा सुपरिंटेंडेंट वेगळा. मनमाड स्टेशनवर आयुष्य काढलेल्या माणसाचं नावसुद्धा नाशिक जिल्ह्याच्या यादीत मिळणार नाही. आणि "पोलीस पाटील" असतील तर सगळंच बदलतं. 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याखालचे गावकामगार ते, त्यांचे कागद महसुलाकडे, वतनाच्या दप्तरात.

सातसमुद्र, मंगळवार सकाळी 9:48

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. सिव्हिल लिस्ट, अधिकाऱ्यांच्या नोकरीचा इतिहास, सगळं छापील. ईमेल टाका, उत्तर देतात.

जुने_दप्तर, मंगळवार सकाळी 10:05

त्यात राजपत्रित अधिकारी. हवालदार, शिपाई नाहीत. दगडू सखाराम तिथे शोधण्यात महिना घालवू नका.

येवलेकर, फोटोचं नीट वर्णन करा. बाहीवर फिती आहेत की खांद्यावर तारे? मागे काही लिहिलंय का? जसंच्या तसं टाका, तुमचा अर्थ लावू नका.

दाखला_पडताळणी, मंगळवार सकाळी 11:30

सेवापुस्तक मिळालं तर पहिल्या पानाची साक्षांकित प्रत नक्की घ्या. त्यावर जात लिहिलेली असते, जात पडताळणी समितीपुढे जुना पुरावा म्हणून जोडता येते. सोबत तहसीलमधून कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 चा उतारा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. वंशावळ शपथपत्रावर करा.

येवलेकर_पणतू, मंगळवार दुपारी 1:15

जातीच्या दाखल्याचं काम नाहीये, आभार. कोतवाल बुक बघून घेतो.

फोटो: उजव्या बाहीवर तीन फिती, टोकं खाली. खांद्यावर काही नाही. मागे शाईने "दगडू सखाराम हे. कॉ. प. खा." आणि खाली 412. प. खा. म्हणजे पोलीस खाते असं आम्ही धरून चाललोय.

जुने_दप्तर, मंगळवार दुपारी 1:40

पोलीस खाते नव्हे, पश्चिम खानदेश! 1906 ला खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिमेचं मुख्यालय धुळे. तीन फिती आणि "हे. कॉ." म्हणजे हेड कॉन्स्टेबल. फौजदार नव्हते. घरात आणि गावात हवालदारालाही फौजदार म्हणत, त्यात कोणाचं खोटं नाही, पण पुस्तकात हवालदार छापा. बक्कल नंबरही धुळ्याचाच ठरला.

म्हणजे नाशिक शहरात नाही, आडगावलाही नाही. अर्ज धुळे पोलीस अधीक्षकांकडे.

येवलेकर_पणतू, मंगळवार दुपारी 2:05

पण आम्ही मूळचे येवल्याचे! आणि घरात सांगतात की रझाकारांच्या वेळी ते येवल्याच्या सरहद्दीवर बंदोबस्ताला होते. मग धुळे कसं?

मनमाड_जंक्शन, मंगळवार दुपारी 2:30

येवला, नांदगाव या तालुक्यांना निजामाची हद्द लागून, पश्चिम खानदेशाला नाही. तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला तुकडी येणं शक्य आहे. हैदराबादची कारवाई 13 सप्टेंबर 1948 ची, पण हल्ले त्याआधीपासून चालू होते. निवृत्ती कधीची?

गोदाकाठ, मंगळवार दुपारी 2:52

हैदराबाद मुक्तिसंग्रामात असतील तर मानधनाच्या याद्यांत बघा.

जुने_दप्तर, मंगळवार दुपारी 3:00

त्या याद्या स्वातंत्र्यसैनिकांच्या. ड्यूटीवरच्या हवालदाराचा तिथे संबंध नाही. निवृत्तीची तारीख कळल्याशिवाय पुढे जायला नको. पेन्शनचा काही कागद?

येवलेकर_पणतू, मंगळवार रात्री 8:45

आईने ट्रंकेतून काढलं. पिवळं पडलेलं दुमडलेलं पुस्तक, इंग्रजीत. आधी सांगायला हवं होतं, पण पेन्शनचा सर्व्हिसशी संबंध वाटला नाही. नंबर आहे. "हेड कॉन्स्टेबल, वेस्ट खानदेश". "सुपरॲन्युएशन". 17 जून 1948 पासून. पुढे शिक्के आहेत, येवला ट्रेझरीचे.

जुने_दप्तर, मंगळवार रात्री 9:20

शोधत होतो ते हेच. हा पेन्शन पेमेंट ऑर्डरचा पेन्शनरकडचा अर्धा भाग, दुसरा अर्धा ट्रेझरीत. यातून किती निघतं बघा.

सुपरॲन्युएशन म्हणजे वयामुळे निवृत्ती. नोकरीची वर्षं भरल्यामुळे असती तर "रिटायरिंग" असतं, आजारपणामुळे असती तर "इनव्हॅलिड". त्या काळी वय 55. महिनाअखेरीला निवृत्त करायची पद्धत नंतरची, तेव्हा वाढदिवसालाच सोडत. म्हणजे कागदोपत्री जन्म जून 1893 च्या मध्याचा, एक-दोन दिवस इकडेतिकडे. भरती अठरा ते पंचविशीत धरली तर 1911 ते 1918. अर्जात हाच कालावधी टाका.

रझाकारांच्या बंदोबस्ताचं 17 जून 1948 पूर्वीचं असेल तर जुळू शकतं. सप्टेंबरच्या कारवाईत मात्र ते नोकरीत नव्हते, तसं छापू नका.

कलम_आठ, मंगळवार रात्री 9:55

आधी पहिलं अपील करा, मुदत 30 दिवसांची, तुमचे दहाच उरलेत. 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मुद्दा एकच घ्या: कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायला हवा होता, "उपलब्ध नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत.

जुने_दप्तर, मंगळवार रात्री 10:10

मुद्दा कायद्याने बरोबर, पण यांना महिन्यात छापायचंय. अपिलात जिंकून काय मिळणार, तर तोच अर्ज आडगावला जाईल, आणि तिथेही काही नाही. धुळ्याला नवा अर्ज दहा रुपयांत होतो. त्याआधी वारस म्हणून साधा अर्ज आस्थापना शाखेला द्या, पेन्शनच्या पुस्तकाची झेरॉक्स जोडून, आणि बारनिशीचा, म्हणजे आवक शाखेचा शिक्का मारलेली प्रत घ्या. कागद बघून लिपिक स्वतः शोधायला उठतो.

कलम_आठ, मंगळवार रात्री 10:25

साध्या अर्जाला मुदत नाही, तो महिनोनमहिने पडून राहतो. दोन्ही एकाच दिवशी द्या. आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून 8(1)(ञ) दाखवून नाकारलं तर कलम 8(3) दाखवा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ती आडकाठी चालत नाही.

जुने_दप्तर, मंगळवार रात्री 10:40

दोन्ही एका दिवशी, मान्य.

पण नऊ मुद्दे नकोत. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. आणि "सेवापुस्तक द्या" एवढंच मागू नका. निवृत्तीनंतर ठराविक वर्षांनी सेवापुस्तक नष्ट करता येतं, मग पुन्हा एका ओळीचं उत्तर येईल. नोंदवह्या मागा. मजकूर असा:

"श्री. दगडू सखाराम, हेड कॉन्स्टेबल, बक्कल क्र. 412, पश्चिम खानदेश जिल्हा पोलीस, दि. 17 जून 1948 पासून निवृत्तिवेतन, यांच्यासंबंधी 1911 ते 1948 या काळातील (1) सर्व्हिस शीट अथवा सेवापुस्तक, (2) भरती, पेन्शन व शिक्षा-बक्षीस नोंदवह्यांतील नोंदी, (3) बढती-बदलीचे जिल्हा आदेश, यांच्या प्रती मिळाव्यात. अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतील नोंद व आदेशाची प्रत मिळावी. अभिलेख पाहण्याची परवानगी मिळावी."

पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर पहिल्या ओळीतच घाला. नष्ट केल्याची नोंद मागितली की "उपलब्ध नाही" एवढ्यावर भागवता येत नाही, कधी आणि कोणाच्या आदेशाने ते दाखवावं लागतं. आणि पाहणी मिळाली तर ती सोडू नका, पहिल्या तासाला पैसे नाहीत. नोंदवही स्वतः चाळताना शेजारच्या ओळी दिसतात: त्याच दिवशी भरती झालेले, त्याच ठाण्यावर बदलून आलेले.

सेवापुस्तक निघालंच तर पहिल्या पानावर उंची, ओळखीची खूण आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. ते पान छापा. त्यांच्या हाताचा ठसा पानावर येईल, यापेक्षा मोठं काय हवं!

मोडी_शिका, मंगळवार रात्री 11:10

त्यातल्या सह्या, शेरे मोडीत असू शकतात. फोटो इथे टाका, वाचून देतो.

रामकुंड_परिसर, बुधवार सकाळी 6:50

तुमचे तीर्थोपाध्ये कोण ते घरात विचारा. रामकुंडावर त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात, गाव आणि आडनावावरून लावलेल्या. कुटुंबातलं कोणी क्रियाकर्माला आलं असेल तर मुलं, भाऊ, गाव लिहिलेलं असतं, कधी सहीसुद्धा. नोकरीच्या तारखा मिळणार नाहीत, पण वंशावळीच्या बाकी पानांना उपयोग होईल. जाताना मूळ गाव आणि तीन पिढ्यांची नावं लिहून न्या.

येवलेकर_पणतू, बुधवार सकाळी 8:15

उद्या सकाळच्या बसने धुळ्याला जातोय, दोन्ही अर्ज घेऊन. मजकूर जसाच्या तसा टाकलाय. फौजदार खोडून हवालदार केलं, आजीला सांगताना जड गेलं.

जुने_दप्तर, बुधवार सकाळी 8:30

बक्कल आणि फोटोच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स बरोबर ठेवा. पुस्तकातल्या शिक्क्यांमध्ये सगळ्यात शेवटचा कुठल्या तारखेचा आहे? मृत्यूची नोंद कुठल्या वर्षात शोधायची ते त्यावरून ठरेल.

येवलेकर_पणतू, बुधवार सकाळी 8:52

शेवटचा 4 मार्च 1961. येवला.

जुने_दप्तर, बुधवार सकाळी 9:05

मग मार्च 1961 पासून पुढच्या वर्षभराच्या मृत्यूनोंदी येवला नगरपालिकेत बघा. तिथेही दगडू सखारामच शोधा, आडनाव नको.