अटलांटातलं अपार्टमेंट आणि दाराबाहेरचं शहर : तुमचे अनुभव लिहा

दर उन्हाळ्यात कोणीतरी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला यायला निघतं आणि तेच प्रश्न येतात: भाडं किती, शाळा कशी, ऑफिसला किती वेळ लागेल. मला वाटतं त्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा. घरातलं जे माणूस गाडी चालवत नाही, ते दुपारी एकटं कुठे जाऊ शकेल? आई-वडील सहा-सहा महिने येऊन राहतात. त्यांचे दिवस कसे जातील हे आपण लीजवर सही करतो तेव्हाच ठरून जातं. इथे राहिलेल्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही मिडटाऊनला राहतो, आर्ट्स सेंटर स्टेशनपासून चालत येण्याइतकं जवळ. भाडं जास्त आणि जागा लहान, हे मान्य. पण सासूबाई आल्या आणि आठवड्याभरात एकट्या पीडमाँट पार्कला जायला लागल्या. १८९५ मध्ये इथे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. आज तलाव, हिरवळ आणि झाडांखाली बाकं आहेत. येणारा-जाणारा अनोळखी माणूसही 'गुड मॉर्निंग' म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातली ही रीत त्यांना फार आवडली. पार्कच्या कोपऱ्यावरून बेल्टलाइन या पायवाटेचा पूर्वेकडचा भाग सुरू होतो. शहराभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गांवरून २२ मैलांचं पायवाटेचं कडं करायची ही कल्पना १९९९ मध्ये रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने जॉर्जिया टेकमधल्या आपल्या प्रबंधात मांडली होती. या वाटेवर गाड्या नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या मागे धावपळ करावी लागत नाही. पुढे सिअर्स कंपनीची १९२६ची अवाढव्य इमारत लागते. तिथे आता पाँस सिटी मार्केट आहे. बसायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह सगळं मिळतं. वयस्कर माणसांना फिरायला पाठवताना या तीन गोष्टी मी आधी बघते. विमानतळाहून मार्टाची, म्हणजे इथल्या मेट्रोची, लाल किंवा सोनेरी मार्गावरची गाडी थेट आर्ट्स सेंटरला येते, त्यामुळे आणायला-सोडायलाही गाडी काढावी लागत नाही.

अल्फारेटाहून

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण माझं उत्तर वेगळं आहे. मार्टाची रेल्वे नॉर्थ स्प्रिंग्सला संपते आणि आम्ही त्याच्याही उत्तरेला. गाडीशिवाय इथे दूधसुद्धा आणता येत नाही. तरीही माझी आई इथेच जास्त रमली. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तेलुगू, गुजराती, मराठी घरं भरपूर आहेत. संध्याकाळी पोहण्याच्या तलावाशेजारी आजी-आजोबांचा कट्टा जमतो. भाषा अर्धीमुर्धी कळते, पण गुडघ्यांपासून नातवंडांपर्यंत सगळं बोलून होतं. चालत जाण्यासारखं पार्क असण्यापेक्षा बोलायला माणूस असणं मला मोठं वाटतं. तेव्हा घर बघायला जाल तर संध्याकाळी सहानंतर जा आणि आवारात कोण फिरतंय ते बघा.

घराबद्दल दोन गोष्टी. इथल्या बऱ्याच तीन मजली इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत. वरच्याने खलबत्त्यात लसूण ठेचला की खाली ऐकू येतं. वरचा मजला मिळाला तर घ्या, पण मग उन्हाळ्यात एसीचं बिल वाढेल हे धरून चाला. दुसरं, शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो, हे पंखा चालू करून त्याच्यापुढे हात धरून बघा. परत आत सोडणारा असेल तर मिरची-लसणाच्या फोडणीला धुराचा अलार्म वाजणारच, आणि वास कार्पेटमध्ये बसतो तो वेगळा.

सँडी स्प्रिंग्जहून, थोडं कागदपत्रांबद्दल

आधीच्या जागेच्या व्यवस्थापनाने आमच्या डिपॉझिटमधून कार्पेटच्या डागांचे पैसे कापले. ते डाग आम्ही राहायला येण्याआधीचे होते. आमच्याकडे पहिल्या दिवसाचे फोटो होते आणि व्यवस्थापनाच्या आणि आमच्या सह्यांची मोडतोडीची यादी होती, म्हणून पैसे परत मिळाले. जॉर्जियाच्या कायद्याप्रमाणे मोठ्या कॉम्प्लेक्सनी डिपॉझिट घेण्याआधी घरातल्या मोडतोडीची यादी भाडेकरूला द्यायची असते. ती यादी घेऊन खोलीखोलीतून फिरा, जे सुटलं असेल ते लिहा, मगच सही करा. घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा लेखी हिशेब मिळायला हवा. १ जुलै २०२४ पासून नव्या करारांत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. भाड्यावर मात्र राज्यात कुठेच नियंत्रण नाही, कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी वाढ कितीही येऊ शकते.

जाहिरातीतलं भाडं म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. दाराशी ठेवलेला कचरा उचलण्याचे पैसे, कीटकनाशक फवारणी, पाणी, पार्किंग, भाडेकरूचा विमा हे सगळं धरून महिन्याची बेरीज लेखी मागा. आणि लीज संपण्याच्या ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते का, ते नक्की वाचा.

सांगलीहून, मुलाकडे जाऊन आलेल्या एका आजोबांकडून

मी भाडेकरू नव्हे, पाहुणा. मुलगा ऑफिसला गेला की मी मार्टाने निघत असे. किंग मेमोरियल स्टेशनवरून चालत ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूला जाता येतं. तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर, त्यांचं एबेनेझर चर्च आणि पाण्याच्या मधोमध त्यांची व त्यांच्या पत्नी कोरेटाबाईंची समाधी आहे. जन्मघर तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. अभ्यागत केंद्रापाशी गांधीजींचा पुतळा आहे, १९९८ मध्ये भारताने दिलेला. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. गावदेवीचं ते घर मी तरुणपणी पाहिलेलं. त्या पुतळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा आपण परक्या मुलुखात आहोत असं मुळीच वाटलं नाही. आई-वडिलांना मत्स्यालय आणि कोका-कोलाचं संग्रहालय दाखवाल तेव्हा दाखवा, पण इथे आधी न्या.

जॉर्जिया टेकजवळून

मार्चअखेर येणार असाल तर परागकणांची तयारी ठेवा. २९ मार्च २०२५ रोजी एका घनमीटर हवेत १४,८०१ कण मोजले गेले, तो इथला विक्रम आहे. बाल्कनी पिवळीधमक होते. दम्याचं कोणी असेल तर एसीचा फिल्टर बदलून घ्या आणि फरशी कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एप्रिलच्या पावसाने हवा निवळते. उन्हाळ्यात चट्टाहूची नदीत ट्यूबवर बसून वाहत जाणं आम्हा विद्यार्थ्यांचं आवडतं. ब्यूफर्ड धरणाच्या तळाचं पाणी सोडतात म्हणून नदी ऐन जुलैतही गारठवते. लाइफ जॅकेट घालाच. उत्तरेच्या डोंगरांकडे जाताना रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात. मीठ घातलेल्या, अगदी आपल्यासारख्या.

डिकेटरहून

मिडटाऊनवाल्या आणि अल्फारेटावाल्या, दोन्ही बाजूंना जमेल अशी एक जागा सुचवते. डिकेटरच्या चौकाखालीच मार्टाचं निळ्या मार्गावरचं स्टेशन आहे, ग्रंथालय चालत जाण्यासारखं आहे, आणि भारतीय दुकानांचा पटेल प्लाझा गाडीने जवळ. कोकम, ज्वारीचं पीठ, पोहे सगळं तिथे मिळतं. डिकॅल्ब फार्मर्स मार्केटही जवळच. फोटो काढू देत नाहीत, पण जगभरच्या भाज्या बघत बाबांचा अख्खा शनिवार जातो. ग्रंथालयातून राज्य उद्यानांच्या पार्किंगचा पासही घरी नेता येतो, अमिकलोला धबधब्याला जाताना तो न्या. चौकापासून चालत जाण्यासारखी दोन बेडरूमची घरं पटकन जातात. ऑगस्टमध्ये यायचं असेल तर मे-जूनपासून बघायला लागा.