ग्लूट ब्रिजमध्ये कंबर भरून येण्याविषयी

ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलण्याचा व्यायाम) केल्यावर नितंबांऐवजी कंबरच भरून येते, अशी तक्रार असते. याचे नेहमीचे कारण म्हणजे अधिक उंच जाण्याच्या नादात कमरेची कमान वाढवणे. पाठीवर झोपून गुडघे वाकवल्यावर, उचलण्यापूर्वीच श्वास सोडत पोट घट्ट करावे आणि कमरेखालची पोकळी जाऊन कंबर जमिनीला टेकेल अशा रीतीने ओटीपोट किंचित छातीकडे वळवावे. ही स्थिती न सोडता टाचांवर भार देऊन वर गेल्यास पोटाचे स्नायू कण्याला स्थिर ठेवतात आणि उचलण्याचे काम नितंबांकडे जाते. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सरळ रेष झाली की थांबावे, कारण त्यापुढची उंची बहुधा कमरेतूनच येते. मांडीच्या मागे पेटके येत असतील, तर टाचा नितंबांच्या थोड्या जवळ आणून पाहाव्यात. वर २-३ सेकंद थांबून सावकाश उतरल्यास १० ते १२ आवर्तनेही चांगलीच दमवतात (मला तरी घाईघाईच्या ३० आवर्तनांपेक्षा तीच जड गेली). एका पायावरचा प्रकार करताना कंबर एका बाजूला झुकू लागली, तर आणखी काही दिवस दोन्ही पायांवरच सराव करावा.