सॅन फ्रान्सिस्को की लॉस एंजेलिस: जुलैत जाणार असाल तर

हॉटेल स्वस्त म्हणून लॉस एंजेलिस परवडतं, असं काही जण म्हणतात, पण ते गणित मला पटत नाही. तिथे गाडीशिवाय फिरणं अवघड, म्हणजे भाडं आलं, पेट्रोल आलं, वर पार्किंग. सॅन फ्रान्सिस्कोत बसचं तिकीट ३ डॉलरच्या आसपास. केबल कारला (रस्त्याखालच्या तारेने ओढली जाणारी जुनी ट्राम) त्याहून बरेच जास्त पडतात, ती हौसेपुरती एकदा करा.

पण 'कॅलिफोर्निया म्हणजे ऊन' असं धरून चालू नका. जुलैत आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर नेलं, तर धुक्यात पुलाचे खांबही दिसेनात. आईने साडीवर माझं जॅकेट चढवलं, तरी कुडकुडत होती. आतला प्रदेश तापला की समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते, म्हणून भर दुपारीही जेमतेम १९-२० अंश. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, तिथली खरी ऊब तेव्हाच.