वाकड्या कॅनलसाठी कोणत्या फाइल्स घेऊ? (बजेट १२,०००)

जुळेसोलापूर_डेंटल:
नमस्कार. क्लिनिक टाकून आठ महिने झाले. सरळ कॅनलमध्ये (मुळातल्या नळीत) फाइल, म्हणजे ती साफ करून रुंद करायची बारीक सुई, घालताना काही अडत नाही, पण मूळ वाकडं आलं की हात आखडतो. आत्ताची केस: विड्या वळणाऱ्या मावशी, वय ५२, उजवीकडची खालची पहिली दाढ. आरव्हीजीवर (डिजिटल एक्स-रेवर) मिझिअल, म्हणजे पुढचं, मूळ विळ्यासारखं मागं वळलंय. वळणाचा कोन मोजायच्या श्नायडरच्या पद्धतीनं रेषा ओढल्या तर ३२ अंश भरतात. मिझिओबक्कलमध्ये (त्याच मुळातल्या गालाकडच्या कॅनलमध्ये) १० नंबरची फाइल (टोकाशी ०.१० मिमी जाड) १९.५ मिमीपर्यंत कशीबशी जाते, १५ नंबर दोन मिमी अलीकडंच थटते. मावशींना दाढ काढायची नाहीय आणि मलाही ती वाचवायचीच आहे.

माझ्याकडं हातानं चालवायच्या स्टीलच्या के-फाइल्स आहेत आणि एक जुनी एंडोमोटर (फाइल फिरवणारं यंत्र). ती फक्त गोल फिरते, रेसिप्रोकेशन (उलटसुलट फिरणं) नाही. बजेट सगळं धरून १२,०००. मोटर बदलायची नाही.

सात_रस्ता:
डोळे झाकून वेव्हवन गोल्ड प्रायमरी, रेसिप्रोकेशनवर चालणारी फाइल. एका दाढेला एक फाइल. मी दीड वर्ष तीच वापरतोय. परवा वरची दाढ होती, चार कॅनल, चाळीस मिनिटांत शेपिंग (कॅनलला आकार देणं) संपलं. मोटर नवीनच घ्या, दोन महिन्यांत वसूल होते.

बार्शीकर:
मॅडमनी मोटर बदलायची नाही असं स्पष्ट लिहिलंय हो. आणि वेव्हवन किंवा रेसिप्रोक कुणी साध्या मोटरवर लावू नका. त्यांची पाती उलट्या वळणाची असतात. १५० अंश उलट फिरून कापतात, ३० अंश सुलट येऊन मोकळी होतात. साधी मोटर सुलट फिरवते, म्हणजे फाइल कापतच नाही.

हायफ्लेक्स सीएम घ्या, ४ टक्के टेपर (टोकाकडून वर जाडी वाढण्याचं प्रमाण). ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), २.५ टॉर्क (फिरवायचा जोर). ही फाइल बोटानं वाकवली की तशीच राहते, वळणात सरळ व्हायला धडपडत नाही. ऑटोक्लेव्हमधून काढली की मूळ आकारात येते, म्हणजे परत वापरता येते.

अक्कलकोट_रोड:
त्या "परत वापरता येते" वर मी पोळलोय. कंपनीचं नाव घेत नाही. ८ टक्के टेपरची फाइल, सातवी का आठवी दाढ, मोजलंही नव्हतं. मिझिओबक्कलच्या वळणावर कट्ट आवाज आला आणि तीन मिमी तुकडा आत. पेशंट शाळेतल्या बाई. त्यांना लगेच सांगितलं, आरव्हीजी दाखवला, पुण्याला सरांकडं पाठवलं. त्यांनी बायपास केला (तुकड्याच्या बाजूनं वाट काढली) म्हणून दाढ राहिली. फाइल आकारात आली म्हणजे थकवा गेला असं नव्हे. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या डबीवर मार्करनं काड्या ओढतो.

सात_रस्ता:
म्हणूनच म्हणतो, एक दाढ झाली की फेकून द्या.

अक्कलकोट_रोड:
आमच्याकडचा पेशंट आरसीटीचे (रूट कॅनलचे) पैसे तीन हप्त्यांत देतो, सर. दर दाढेला नवी फाइल कुठून काढायची?

नवीपेठ_१९९२:
तीस वर्षं स्टीलच्या फाइलवर काढली, अजूनही काढतोय. फाइलला टोकाशी आधी वाक द्यायचा, स्टॉपरची (फाइलवरच्या रबरी चकतीची) खूण वाकाच्या दिशेला करायची, मग कॅनल स्वतःच वाट दाखवतो. रोननी १९८५ ला बॅलन्स्ड फोर्स ही फाइल हातानं फिरवायची पद्धत मांडली, ती शिका: सुलट पाव वळसा देऊन आत, मग दाब धरून उलट वळसा. यंत्र घेतल्यानं हात येत नाही. आमच्या वेळी ओल्या फिल्म पंख्याखाली वाळवून बघायचो, तरी शेवटचा मिमी चुकत नव्हता.

पंढरपूरकर_डेंटिस्ट:
वेव्हवन गोल्ड घ्या. पुण्याचा डीलर रात्रीच्या गाडीनं पाठवतो, सकाळी हातात. जमलं तर सोबत मायक्रोस्कोपही बघा.

होटगीरोड_एंडो:
मॅडम, फाइल नंतर निवडा. १५ नंबर दोन मिमी अलीकडं थांबतेय आणि तुम्ही ढकलताय, तर तिथं लेज (भिंतीत पायरी) पडायला सुरुवात झाली असेल. ढकलणं आजच थांबवा.

आधी वरचा भाग बघा. कॅनलच्या तोंडाशी मिझिअल बाजूला डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) ओठ राहिला की फाइल आत शिरतानाच तिरकी होते, म्हणजे एका वळणाची दोन वळणं होतात. तो ओठ काढा. ब्रश करताना जोर मिझिअलकडं ठेवा. फर्केशनकडची (मुळं फुटतात तिकडची) भिंत पातळ असते, तिथं रेटलं तर पट्टीसारखं भोक पडतं. मग ८ नंबर, १० नंबर, मध्ये १२ मिळाली तर उत्तम. प्रत्येक फाइलनंतर हायपो (कॅनल धुवायचं जंतुनाशक) आणि पुन्हा १० नंबर आत. १० नंबर खाली सैल, घसरत जाईपर्यंत मोटरला हात लावू नका.

अंश मोजलेत, आता वळण किती मिमीत आहे तेही बघा. संशोधक प्रुएटनी १९९७ ला दाखवलंय, वळणाची त्रिज्या ५ मिमीवरून २ वर आली की फाइल खूप कमी फेऱ्यांत तुटते. अशा मुळाला शेवटी २५ नंबर ४ टक्के पुरे. ८ टक्क्यांचा हट्ट नको.

बार्शीकर:
मी ४ टक्केच म्हणालो होतो.

जुळेसोलापूर_डेंटल:
सगळ्यांचे आभार. आज खरेदी केली. रागावू नका, पण मी हातानं चालवायच्या नायटाय (निकेल-टायटॅनियमच्या लवचिक) फाइल्स घेतल्या, २ टक्क्यांच्या, १५ ते ३०. सोबत ८ आणि १० नंबर स्टीलची दोन-दोन पाकिटं आणि १२ नंबरचं एक. बजेटच्या निम्म्यात बसलं.

कारण सांगते. माझ्या मोटरवर टॉर्क किती दाखवतंय यावर माझा भरवसा नाही. हातात धरली की फाइल अडकल्याचं बोटाला आधी कळतं. वेळ जाईल, जाऊ दे. दिवसाला सहाच पेशंट असतात.

होटगीरोड सर, तुम्ही म्हणालात तोच ओठ होता. काढल्यावर १० नंबर सरळ उभी राहिली, आधी तिरकी राहायची.

नवीपेठ_१९९२:
साध्या नायटायला वाक देता येत नाही, ती परत सरळ होते. लेज लागला तर स्टीलवरच यावं लागेल, हे ध्यानात ठेवा.

सात_रस्ता:
वर्षभरात नवीन मोटर घ्याल, लिहून ठेवा.

जुळेसोलापूर_डेंटल:
हो सर, म्हणूनच १० नंबरचं एक पाकीट फक्त वाकवून वापरायला ठेवलंय. काढलेल्या तीन वाकड्या दाढा प्लास्टरमध्ये बसवल्यात. काल रात्री दोन केल्या. पहिलीत २५ नंबर टोकापर्यंत गेली. दुसरीत २० ला थांबले, कारण बोटाला घट्ट लागली. मावशी बुधवारी येणार आहेत.