विषय: २००१ ची टोयोटा कोरोला – १४ इंची रिम आहेत का कुणाकडे?

मंडळी,
१ डिसेंबर तोंडावर आलाय, म्हणजे इथे क्यूबेकमध्ये हिवाळी टायर सक्तीचे. हिवाळी टायर आहेत, पण रिम इतके गंजलेत की टायरवाला म्हणतो हवा टिकणार नाही. मंडळाच्या स्टोअरमध्ये मखरामागे होंडा सिव्हिकचे चार रिम पडलेत ना? तेही माझ्यासारखे ४×१००च (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर). उद्या येऊन नेऊ का?
– बंडू

———

स्टोअरची किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा उद्याचं परस्पर ठरवू नये. रिम कुणाचे ते आधी कळू दे. समईसुद्धा अशीच ‘कुणाची तरी’ म्हणून गेली होती.
– अण्णा

———

अण्णा, समई नानींकडे आहे, किती वेळा सांगायचं!
बंडू, बोल्टची भोकं जुळली म्हणजे रिम बसला असं नाही. सिव्हिकच्या रिमचं मधलं भोक ५६.१ मिमी, तुझा हब (रिम ज्यावर बसतो तो मधला उंचवटा) ५४.१. मध्ये रिंग घाल, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल. दुसरं, नट. होंडाच्या रिमवर नट टेकतो ती बैठक गोलसर, तुझे नट निमुळते. आटे दोन्हींचे १२×१.५, त्यामुळे नट छान चढतात आणि माणूस फसतो. नीट न टेकलेला नट चालत्या गाडीत सैल होतो. नट होंडाचेच घे.
– भाऊ

———

एवढा खटाटोप त्या खटाऱ्यासाठी? ब्रॉसार्डला मॉन्ट्रियलची आरईएम मेट्रो आलीये की! आमच्या ह्यांनी गाडी विकली, आता भाजीसुद्धा ट्रेननेच आणतात.
– माई

———

माई, मी मिराबेलला कामाला जातो. तिथे कुठली आरईएम? आणि हिवाळी टायर नसताना पोलिसांनी धरलं तर किमान २०० डॉलर.
– बंडू

———

नानींकडे समई आहे हे मला कुणी कळवलं? यादीत अजून ‘गहाळ’च आहे.
– अण्णा

———

रिंगा कशाला शोधत बसायच्या? भंगारवाल्याकडे टोयोटा एकोचे १४ इंची रिम माग. तेही ४×१०० आणि ५४.१, तुझेच नट चालतील. फक्त स्टीलचेच घे, अलॉयचे नट वेगळे असतात. नट आवळताना टॉर्क पाना १०३ न्यूटन-मीटरला लाव, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपास. आमच्या एकोवर पोरगं गाडी शिकलं, हिवाळ्यात दोनदा खड्ड्यात घातली, रिम शाबूत!
– दादा

———

एकोचेच बघतो. धन्यवाद दादा.
– बंडू

———

म्हणजे सिव्हिकचे रिम कुणालाच नकोत. ज्यांचे असतील त्यांनी शनिवारी ११ ते १२ मध्ये घेऊन जावे, दिवाळी अंकांची खोकी ठेवायला जागा नाही. नानींनी समई आणावी.
– अण्णा