पोकोला विसरू नका
ईगल्स या अमेरिकन रॉक बँडमधून बेस गिटार वाजवणारा रँडी मायझनर गेला, त्याच्या जागी टिमथी श्मिट आला, एवढ्यावरच ईगल्सबद्दलची चर्चा थांबली म्हणून भर घालतो. हीच अदलाबदल आधी पोको या अमेरिकन कंट्री-रॉक बँडमध्ये झाली होती! १९६९चा पहिला अल्बम बाजारात यायच्या आधीच मायझनर बाहेर पडला आणि नंतर बेसवर श्मिट आला. पुढे पोकोच्या संस्थापकांपैकी जिम मेसिना गेला, १९७३मध्ये रिची फ्युरेही. १९७७मध्ये श्मिट ईगल्सकडे गेल्यावर सगळं संपलं असंच वाटावं. पण पेडल स्टील (पायपट्ट्या असलेली आडवी गिटार) वाजवणाऱ्या रस्टी यंगने तग धरला. १९७८चा 'लेजंड' हा अल्बम जरूर ऐका. त्यातलं 'क्रेझी लव्ह' त्यानेच लिहिलं, गायलंही त्यानेच. बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं तेच. माझ्या मते खरा पोको म्हणजे रस्टीच.