लाइव्हसाठी वायरचेच इन-इअर घ्या : पटतंय का?

लालबागकर : दर गुरुवारी रात्री घरून भजनांचं लाइव्ह करतो. मी पेटीवर बाहेरच्या खोलीत. तबला माझ्या माइकमध्ये शिरतो म्हणून भाचा आतल्या खोलीत. एकमेकांना ऐकायचं ते फक्त कानातून. वर्षभर ब्लूटूथ बड्स वापरले. आता ठाम मत झालंय की गाणं-वाजवणं असेल तर वायरचेच इन-इअर मॉनिटर (कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन) घ्यावेत. साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांच्या उशिराने तबलजी जवळजवळ ६८ मीटर लांब जाऊन बसतो. तीन खेळपट्ट्यांच्या पलीकडे! सम गाठायची कशी? भाच्याची लय ढळतेय असं समजून मी त्याला बोलत राहिलो, याचं फार वाईट वाटतं.

मुलुंडकर : सरसकट नियम नको. मी दहावीचं गणित लाइव्ह शिकवतो. कानात फक्त मुलांचे प्रश्न येतात, आणि माझं बोलणंच त्यांच्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं. त्यात बड्सचे २०० मिलिसेकंद कुणाला कळणार? वायर मात्र फळ्याकडे वळताना खुर्चीत अडकली आणि फोन स्टँडसकट खाली आला. शिकवणाऱ्यांना हा खर्च कशाला?

लालबागकर : शिकवण्यापुरतं मान्य. पण बड्सचाच माइक वापरत असाल तर ते कॉल मोडमध्ये जातात आणि मुलांना तुमचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा ऐकू येतो. निदान माइक तरी वेगळा लावा.

माहीमची गायिका : माझा विरोध वायरला नाही, इन-इअरलाच आहे. कान घट्ट बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, खर्ज फुगतो आणि सूर कुठे लागतोय ते कळत नाही. माझ्या विद्यार्थिनी मग एक बाजू काढून गातात आणि उरलेल्या कानात आवाज वाढवत नेतात. त्यापेक्षा कान झाकणारे मोठे हेडफोन बरे.

लालबागकर : ताई, मे महिन्यात मुंबईत? माइक पंख्याची घरघर पकडतो म्हणून पंखा बंद, शेजारच्यांचा टीव्ही नको म्हणून खिडकी बंद. अर्ध्या तासात कानांभोवती घामाच्या धारा लागतात.

गोरेगावचा साउंडवाला : नाटक आणि ऑर्केस्ट्रा दोन्हीकडे साउंड करतो. वायर घेतली म्हणजे उशीर गेला असं नाही. आवाज कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमधून फिरून कानात येत असेल तर तिथेही वेळ जातो. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेताना, ५१२ सॅम्पलचा बफर (एका वेळी साठवून पुढे द्यायचा गठ्ठा) म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद, तेही फक्त जाण्याचे किंवा फक्त येण्याचे. इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटर असेल तर तो चालू करा, म्हणजे माइकचा आवाज थेट कानात येईल.

ताईंची तक्रार अगदी खरी आहे. टिप, म्हणजे इअरफोनचं रबरी टोक, कानात थोडी खोल आणि नीट बसली की घुमणं बरंच कमी होतं, आणि कानात स्वतःचा आवाज थोडा जास्त द्यायचा. पाकिटातल्या तिन्ही मापांच्या टिप घालून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी चालेल. आत किती ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) आहेत यावर लोक हजारो रुपये घालवतात. माझ्या मते एकच डायनॅमिक (नेहमीच्या स्पीकरसारखा) ड्रायव्हर असलेला, वायर निघणारा सेट घरच्या लाइव्हला पुरतो. पहिली वायरच जाते, आणि ती वेगळी मिळते. वायर कानावरून मागे घ्या, नाहीतर सदऱ्यावर घासल्याची खरखर कानात येते.

एक बाजू काढून आवाज वाढवणं मात्र आजच थांबवा, ताई. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबलला तेच ४ तासांवर येतं.

माहीमची गायिका : डेसिबलचं पटलं, उद्याच्या वर्गात सांगते. टिपही बदलून बघते. पण रियाजाला मी कान मोकळेच ठेवणार. तानपुरा खोलीत भरलेला ऐकल्याशिवाय माझा षड्ज लागत नाही.

लालबागकर : साउंडवाले दादा, आत्ता उठून बघितलं. माझ्या इंटरफेसवरचं डायरेक्टचं बटण बंदच होतं. भाच्याला हाक मारलीय, दोघं मिळून एक भजन वाजवून बघतो.